जान्हवीचे दिवस आणि आपले दिवस

2015 सालचा पावसाळा सरत आला होता. पवनाकाठच्या एका खेड्यातून सासू-सून माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेचे दिवस भरलेले दिसत होते, पण त्या आल्या होत्या सासूबाईंच्या खोकल्यासाठी. तपासता तपासता मी सुनेला सहज विचारलं, "तारीख कधीची दिलीय?" तिनं खाली बघितलं. सासूबाईच म्हणाल्या, "तारीख गेली की डाक्टर. पहिलटकरीण हाय, लागतो येळ. त्या जान्हवीचं बघा ना, किती म्हयने झाले!" आणि खोकत खोकत स्वतःच हसल्या. मीही हसलो. मग कार्ड मागून घेतलं आणि माझं हसू थांबलं. तारखेवर दहा दिवस उलटून गेले होते.

जान्हवी कोण, हे आमच्या मावळात तेव्हा सांगावं लागत नसे. 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका झी मराठीवर 15 जुलै 2013 रोजी सुरू झाली. बँकेत नोकरी करणारी मध्यमवर्गीय मुलगी, गोखले गृहउद्योगाचा श्री आणि त्याला वाढवणाऱ्या सहा आया. जान्हवीचं काम करणारी तेजश्री प्रधान डोंबिवलीची, तेव्हा पंचविशीची. त्याआधी 2010 च्या 'झेंडा' चित्रपटात आणि काही मालिकांत ती दिसली होती. पण घराघरांत शिरली ती जान्हवी म्हणून. सराफाच्या दुकानात बायका 'जान्हवीचं मंगळसूत्र' मागू लागल्या. नवख्या नटीला एवढं प्रेम मिळणं सोपं नाही. तिनं ते मेहनतीनं मिळवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या घरीही जेवणाची वेळ त्या मालिकेवर ठरत असे. वीज गेली की मंडळी माझ्यावर चिडत, जणू महावितरण मीच चालवतो!

पुढे कथेत जान्हवीला दिवस गेले आणि ते काही केल्या भरेनात. मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. जान्हवीनंतर दिवस गेलेल्या बायका तिच्याआधी मोकळ्या झाल्या, असं माझ्याच पेशंट मला सांगत. यात त्या मुलीचा काय दोष? नट-नट्यांनी लिहून आलेले संवाद म्हणायचे असतात. रोजच्या मालिकेत एका संध्याकाळची गोष्ट आठवडाभर चालते. कथेतलं कॅलेंडर आणि आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर यांचा मेळ बसत नाही, एवढाच तो प्रकार. पण भिंतीवरचं कॅलेंडर पाहणारी बाई खरीखुरी गरोदर असते, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. जिचं मंगळसूत्र आपण उचलतो, तिचे दिवसही नकळत उचलतो. सासूबाई थट्टेनं बोलल्या हे खरं, पण त्या थट्टेच्या आधारानं त्यांनी दहा दिवस काढले होते.

आता थोडं हिशेबाचं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे 280 दिवस, म्हणजेच 40 आठवडे. नेमक्या त्याच तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले म्हणून घाबरू नये. मात्र 41 आठवडे झाले की घरी वाट पाहत बसू नये आणि 42 तर उलटूच देऊ नयेत. बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवणारी वार तोवर थकू लागते, गर्भजल कमी होतं. बाळ पोटातच शी करतं आणि ती त्याच्या फुप्फुसात जाऊ शकते. काही बाळं पोटातच दगावतात. "मुलगा असला की दिवस वर जातात" हे मी तीस वर्षं ऐकतो आहे. दिवस वर जाण्यावरून मुलगा-मुलगी सांगता येत नाही.

खेड्यात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे पाळीची तारीखच आठवत नाही. "गणपती उठले आणि मग चार दिवसांनी" असं उत्तर येतं. मला ते आवडतं, कारण गणपती कधी उठले ते पंचांगात सापडतं! "भातलावणीच्या वेळी" म्हटलं की मात्र महिनाभर गोंधळ. म्हणून पाळी चुकल्यावर लवकर यावं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख बरीच अचूक ठरते. नवव्या महिन्यात पहिल्यांदा केलेल्या सोनोग्राफीवरून तसं होत नाही.

त्या सुनेला मी एकच प्रश्न विचारला, "बाळ हलतंय का?" ती म्हणाली, "कालपासून कमी वाटतंय." हे तिनं घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. बाळाचं हलणं कमी झालं तर तारीख गेलेली असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी 108 ला फोन करावा. ही रुग्णवाहिका 2014 पासून आपल्या राज्यात आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

मी चिठ्ठी लिहून दोघींना तडक पुढे पाठवलं. सासूबाईंचा खोकला तसाच राहिला. सोनोग्राफीत पाणी फारच कमी निघालं आणि रात्रीच सिझेरियन झालं. मुलगा झाला. हिरवट पाण्यात भिजलेला होता आणि जन्मल्यावर लगेच रडला नाही. चार दिवस काचेच्या पेटीत होता. दुसऱ्या आठवड्यात सासूबाई पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मुलगाच झाला बघा, म्हनून उशीर!" त्यावर मी काही बोललो नाही, पेढा खाल्ला.

मालिका 24 जानेवारी 2016 ला संपली. तेजश्री 2019 मध्ये 'अग्गंबाई सासूबाई'त पुन्हा भेटली आणि 2023 मध्ये 'प्रेमाची गोष्ट'मध्ये चक्क दातांची डॉक्टर होऊन आली. त्याच सासूबाई तेव्हा दाढ धरून माझ्याकडे आल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, दातांच्या डॉक्टरकडे जा." त्या म्हणाल्या, "कुठल्या? त्या टीव्हीतल्या?"