निवडलं ज्युरीने, मग गाळलं का?

समजा, तुमच्या कॉलेजची एकांकिका करंडकाच्या फायनलला गेली. परीक्षकांनी निवडली, ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज धो धो आले. आणि छापील यादीत तुमचं नावच नाही! परीक्षकांना गाठलं, तर तेही म्हणतात, ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही.’ गप्प बसाल?

गोव्यात २०१७ मध्ये झालेल्या ४८व्या इफ्फीत हेच झालं. इंडियन पॅनोरमासाठी ज्युरीने निवडलेले दोन चित्रपट माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढून टाकले. एक रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’, दुसरा सनल कुमार शशिधरन यांचा मल्याळम ‘एस दुर्गा’. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ अपूर्व असरानी आणि ग्यान कोरिया बाहेर पडले.

मी हे दोन्ही चित्रपट पाहिलेले नाहीत. तुमच्यापैकी बहुतेकांनीही पाहिले नसणार. माझी चिडचिड त्याचीच आहे. ‘एस दुर्गा’त देवी नाहीच. रात्री रस्त्यावर लिफ्ट मागणारं एक जोडपं आहे आणि त्यांना गाडीत घेणारे अनोळखी पुरुष. रात्री उशिरा क्लासवरून परतणाऱ्या कुठल्याही मुलीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. त्याच वर्षी रॉटरडॅमला या चित्रपटाने टायगर अ‍ॅवॉर्ड मिळवलं. केरळ हायकोर्टानेही ‘दाखवा’ म्हणून सांगितलं. ज्युरीने तो पुन्हा पाहिला. मग महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी सेन्सॉर बोर्डाने शीर्षकाचा मुद्दा काढला आणि सगळं तिथेच थांबलं.

‘न्यूड’ तर आपल्याच वयाच्या मुलांच्या वर्गात घडतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही गोष्ट. आर्ट कॉलेजात शिकणाऱ्या तुमच्या एखाद्या मित्राला विचारा, त्याच्यासाठी तो अभ्यासाचा तास असतो. पण नाव वाचूनच कुणी दचकणार असेल, तर बोलणंच खुंटलं.

गंमत बघा. याच महोत्सवात सुवर्णमयूर पटकावला ‘बीपीएम’ या फ्रेंच चित्रपटाने. पॅरिसमधल्या एड्सविरोधी चळवळीची, समलिंगी प्रेमाची, मोकळेपणाने शरीराबद्दल बोलणारी कथा. तिचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. म्हणजे परदेशी शरीर चालतं, मराठी शीर्षकातलं नाही?

मराठी दिग्दर्शकांनी बहिष्कार टाकावा का, यावर बरीच चर्चा झाली. जे गोव्याला गेले त्यांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पॅनोरमात निवड होणं ही छोट्या चित्रपटासाठी केवढी मोठी गोष्ट असते! पण तिथल्या स्टेजवर माइक हातात आल्यावर एक वाक्य तरी बोलता आलं असतं, असं मला वाटतं. आणि प्रेक्षक म्हणून आपण?  डेलिगेट कार्ड गळ्यात अडकवून सेल्फी काढण्यात आपण सगळ्यात पुढे असतो.

चित्रपट वाईट असू शकतो. तसं असेल तर बघून, शिव्या घालून बाहेर पडू. ‘न्यूड’ जेव्हा केव्हा थिएटरला लागेल, तेव्हा पहिल्याच दिवशी जायचं, असं आमच्या ग्रुपचं तेव्हा ठरलं होतं.