‘दुसरी सानिया’ मागणं बंद करा

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला. नेरुळच्या आमच्या घराच्या गॅलरीत उभी राहून मीही घसा बसेपर्यंत ओरडले. पण दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एका काकांचा प्रश्न डोक्यात गेला : “क्रिकेटच्या पोरींनी करून दाखवलं. तुमच्या टेनिसला दुसरी सानिया कधी मिळणार?”

‘तुमच्या’, कारण सोळाव्या वर्षापर्यंत मी टेनिस खेळायचे. हरले म्हणून सोडलं नाही. कोर्टाचं भाडं, कोचची फी, रॅकेटचं गटिंग, स्पर्धांचा प्रवास, हा सगळा हिशेब बाबांनी एकदा वहीत मांडला आणि काही न बोलता वही मिटली. मला कळलं.

काकांना ऋतुजा भोसले माहीत नव्हती. ३० सप्टेंबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिनं रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तेही पहिला सेट २-६ गमावून. बार्शीची प्रार्थना ठोंबरेही त्यांना माहीत नव्हती. २०१४च्या आशियाई स्पर्धेत तिनं सानियासोबत कांस्य मिळवलं, २०१६ला तिच्याचसोबत रिओ ऑलिंपिक खेळली. सानियाच्या शेजारी उभी असलेली मराठी मुलगी आपल्याला दिसली नाही, आणि आपण दुसरी सानिया शोधतोय!

टेनिसच्या दौऱ्यावर पगार नसतो. सगळ्यात खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची रक्कम १५,००० डॉलर. एकेरीत पहिल्याच फेरीत हरलात तर हातात दोनशे डॉलरही पडत नाहीत. विमान, हॉटेल, कोच सगळं स्वतःच्या खिशातून. मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात, म्हणजे दुखापतीनं घरी बसलात की क्रमवारीत घसरण ठरलेली. ग्रँड स्लॅमच्या नुसत्या पात्रता फेरीसाठीही जगात साधारण पहिल्या अडीचशेत असावं लागतं. तिथवरची वर्षं कोण पोसतं? आईबाप. ज्यांची वही लवकर मिटते, त्यांच्या मुली तुम्हाला कधी दिसतच नाहीत.

“क्रिकेटला प्रेक्षक आहेत, म्हणून पैसा आहे,” काका म्हणाले. अहो, बायकांच्या क्रिकेटला कुठे होते प्रेक्षक? या खेळाडूंनी एकेकाळी रेल्वेच्या जनरल डब्यातून प्रवास केलाय. २००६मध्ये त्यांचं क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. मग वार्षिक करार आले, २०२२ला पुरुषांइतकी मॅच फी जाहीर झाली, २०२३ला डब्ल्यूपीएल. त्यानंतर हे स्टेडियम भरलं. म्हणजे आधी आधार, मग यश, मग गर्दी. टेनिसच्या मुलींना मात्र आपण सांगतो, आधी जिंकून दाखवा.

टेनिस संघटनेकडे बीसीसीआयसारखी तिजोरी नाही, मान्य. म्हणूनच सरकारनं आणि कंपन्यांनी पदकानंतरच्या सत्काराइतकाच पदकाआधीच्या खर्चाचा विचार करावा. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत आलेल्या प्रत्येक मुलीला वर्षभराचा प्रवासखर्च द्या, निकाल काहीही लागो. आणि सिडकोनं सेक्टर आखून वसवलेल्या या शहरात परवडणाऱ्या दरात सार्वजनिक कोर्टं द्या.

तुमच्याकडून फार नको. जवळपास महिलांची स्पर्धा असेल तर तासभर जाऊन बसा. काकांना मी ऋतुजाच्या फायनलचा व्हिडिओ पाठवलाय. ब्लू टिक आल्यात, उत्तर नाही.