भाकितांचा बाजार : यंत्रणा सोपी, निवाडा अवघड

व्हेनेझुएलाचे अध्यक्ष निकोलस मादुरो यांना अमेरिकी सैन्याने ३ जानेवारी २०२६ रोजी कॅराकासमधून उचलून नेले. जगाला ही बातमी कळण्यापूर्वीच कुणीतरी तिच्यावर पैसे लावून ठेवले होते. 'पॉलिमार्केट' या संकेतस्थळावर काही दिवसांपूर्वीच उघडलेल्या एका निनावी खात्यातून मादुरो लवकरच पदच्युत होतील या बाजूने तीस हजारांहून अधिक डॉलर गुंतविले गेले आणि त्यावर चार लाख डॉलरहून अधिक नफा झाला. खातेदार केवळ नशीबवान होता, की लष्करी कारवाईची कुणकुण लागलेला कुणी आतला माणूस, हा प्रश्न लगेचच अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचला. सरकारी पदांवरील व्यक्तींना अशा व्यवहारांपासून रोखणारे विधेयक प्रतिनिधी रिची टॉरेस यांनी मांडले. पाठोपाठ दुसरा वाद उभा राहिला. 'अमेरिका व्हेनेझुएलावर आक्रमण करील काय?' या प्रश्नावर 'होय' म्हणून पैसे लावणाऱ्यांना आपण जिंकलो असे वाटत होते. मात्र राष्ट्राध्यक्षाला पकडून नेणे म्हणजे आक्रमण नव्हे, अशी भूमिका संकेतस्थळाने घेतली. राजधानीत परकी सैनिक उतरूनही आक्रमण झाले नाही, हे ऐकून अनेकांचा संताप अनावर झाला.

'प्रेडिक्शन मार्केट' म्हणजेच भाकितांचा बाजार उभारू पाहणाऱ्या प्रत्येकाला अडचणीत आणणारे दोन प्रश्न या एकाच घटनेत एकत्र आले आहेत. उत्तर काय, हे ठरवायचे कुणी? आणि उत्तर आधीच ठाऊक असणाऱ्याचे करायचे काय?

या बाजाराची मूळ कल्पना अत्यंत साधी आहे. एखादी घटना घडली तर एक डॉलर मिळेल, न घडल्यास काहीही मिळणार नाही, असा करार विक्रीला ठेवायचा. तो ६२ सेंटला विकला जात असेल, तर ती घटना घडण्याची शक्यता बाजाराच्या मते ६२ टक्के आहे असे समजायचे. विखुरलेली माहिती किमतीच्या रूपाने एकत्र येते, हा फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मध्ये मांडलेला विचार या कल्पनेच्या मुळाशी आहे. आयोवा विद्यापीठातील प्राध्यापकांनी १९८८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत तो प्रत्यक्षात आणला. 'आयोवा इलेक्ट्रॉनिक मार्केट्स' या त्यांच्या प्रयोगात एका व्यक्तीला ५०० डॉलरपेक्षा अधिक रक्कम गुंतविता येत नसे. एवढ्या लहान बाजाराचे अंदाजही जनमत चाचण्यांच्या तोडीचे, पुष्कळदा सरस ठरत असल्याचे दिसल्यावर अर्थशास्त्रज्ञांचे कुतूहल जागे झाले.

पहिली तांत्रिक अडचण गिऱ्हाइकांची. विकणारा आहे पण घेणारा नाही, अशा ओस बाजारात किमतीला अर्थ राहत नाही. जॉर्ज मेसन विद्यापीठाचे रॉबिन हॅन्सन यांनी त्यावर गणिती तोडगा काढला. समोर कुणीही नसले तरी संगणकच प्रत्येक वेळी भाव सांगतो आणि होणाऱ्या खरेदीनुसार तो वरखाली करतो. समजा, 'होय' आणि 'नाही' यांचे भाव ५०-५० पैसे आहेत आणि सूत्रातील नियंत्रक संख्या १००० ठेवली आहे. कुणी 'होय'चे ४०५ करार घेतले, तर त्याला सुमारे २२३ रुपये मोजावे लागतील आणि भाव ६० पैशांवर जाईल. पुढे काहीही घडले तरी बाजार चालविणाऱ्याचा तोटा ६९३ रुपयांपलीकडे जात नाही. समाजाला एखाद्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर त्यासाठी किती खर्च येईल हे आधीच निश्चित करता येते, ही या सूत्राची खुबी. मोठ्या संकेतस्थळांना आज या सूत्राची फारशी गरज उरलेली नाही, कारण शेअर बाजाराप्रमाणे खरेदी-विक्रीचे आदेश जुळविण्याइतकी वर्दळ तेथे असते. एकूण काय, संगणकीय यंत्रणा उभी करणे आज चार-दोन कुशल अभियंत्यांच्या आवाक्यातील काम आहे.

अवघड आहे तो निवाडा. जून २०२५ मध्ये नाटो परिषदेसाठी हेगला आलेले युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की काळ्या पोशाखात दिसले. 'जुलैपूर्वी झेलेन्स्की सूट घालतील काय?' या प्रश्नावर पॉलिमार्केटवर २० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली होती. अनेक वृत्तसंस्थांनी त्या पोशाखाला सूट म्हटले. निकाल मात्र 'नाही' असा लागला. या संकेतस्थळावर वादग्रस्त निकाल न्यायाधीश देत नाही, 'यूएमए' नावाच्या आभासी चलनाचे धारक मतदानाने देतात. ज्याच्याकडे चलन अधिक, त्याचे मत वजनदार. या मतदारांनी त्याच प्रश्नावर पैसे लावलेले नसतील याची हमी कोण देणार? तंत्रज्ञान विकेंद्रित असल्याचा कितीही डंका पिटला, तरी अखेरीस कुणीतरी माणूसच 'हा सूट आहे' किंवा 'हा सूट नव्हे' असे सांगतो.

मुंबईकरांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर या शहरात 'आकडा' लावला जाई. तो भाव सातासमुद्रापार ठरत असल्याने येथील कुणी त्यात सहजी हात घालू शकत नव्हते, हीच त्याची विश्वासार्हता होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ती सोय संपली. मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते काढले जाऊ लागले आणि सगळा डोलारा मटकाचालकाच्या शब्दावर उभा राहिला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचे साम्राज्य हे खेळाचे जेवढे होते, तेवढेच 'हा माणूस आकडा फिरवणार नाही' या समजुतीचेही होते. आजच्या संकेतस्थळांना हवी आहे ती नेमकी अशीच समजूत, मात्र कायद्याच्या चौकटीत बसविलेली.

अमेरिकेत ही चौकट उभी राहायला बराच काळ लागला. संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने मध्यपूर्वेतील घडामोडींवर असा बाजार सुरू करण्याचे ठरविले होते. जुलै २००३ मध्ये सिनेटर रॉन वायडन आणि बायरन डॉर्गन यांनी त्यावर तोफ डागली. दहशतवादी हल्ल्यांवर पैजा लावण्याची कल्पनाच किळसवाणी ठरून योजना दुसऱ्याच दिवशी गुंडाळण्यात आली आणि कार्यक्रमाचे प्रमुख जॉन पॉइन्डेक्स्टर यांना पद सोडावे लागले. डब्लिनहून चालणाऱ्या 'इंट्रेड'वर २०१२ मध्ये अमेरिकी वायदे नियामक 'सीएफटीसी'ने खटला भरला. मार्च २०१३ मध्ये तिचे व्यवहार थांबले. पॉलिमार्केटलाही याच नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये १४ लाख डॉलरचा दंड करून अमेरिकी ग्राहकांसाठी दारे बंद करायला लावली होती.

'कॅल्शी' या कंपनीने उलटा मार्ग धरला. आधी परवाना, मग बाजार. नोव्हेंबर २०२० मध्ये तिला अधिकृत वायदे बाजार म्हणून मान्यता मिळाली. निवडणुकीवरील करारांना नियामकाने नकार दिल्यावर ती न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जिंकली. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीने या धंद्याचे रूपच पालटले. जनमत चाचण्या अटीतटीची लढत सांगत असताना पॉलिमार्केटवर ट्रम्प यांचे पारडे जड होते, आणि या एका प्रश्नावर साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक उलाढाल झाली. ट्रम्प यांच्यावर प्रचंड रक्कम लावणाऱ्या एका फ्रेंच व्यापाऱ्याने सुमारे साडेआठ कोटी डॉलर कमावले. 'तुमचे शेजारी कुणाला मत देतील?' असा आडवळणाचा प्रश्न विचारणारी चाचणी त्याने स्वखर्चाने करवून घेतली होती. स्वतःची पसंती सांगायला कचरणारा माणूस शेजाऱ्याविषयी मोकळेपणाने बोलतो, हा त्याचा तर्क. पैशाच्या आशेने नवी माहिती बाजारात येते, या सिद्धान्ताचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. तथापि एका निकालावरून बाजार शहाणा ठरविणे घाईचे होईल. ज्याला ६० टक्के म्हटले ते घडले, एवढ्याने ते अनुमान अचूक होते असे सिद्ध होत नाही.

त्यानंतर भांडवलाचा ओघ सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या मालक कंपनीने पॉलिमार्केटमध्ये २ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली. पण पैसा आला तसा बाजाराचा रोखही बदलला. कॅल्शीने २०२५ मध्ये क्रीडास्पर्धांवरील करार आणले आणि पाहता पाहता तिची बहुतांश उलाढाल खेळांवर होऊ लागली. फुटबॉलचा सामना कोण जिंकणार यातून समाजाला कोणती मौलिक माहिती मिळते? नेवाडा, न्यू जर्सी आदी राज्यांनी हा निव्वळ जुगार असून त्यावर आमचा अधिकार चालतो असा पवित्रा घेतला आणि न्यायालयांनी २०२५ मध्ये परस्परविरोधी निर्णय दिले. आयोवाच्या प्राध्यापकांचे नाव पुढे करून पैजेचे दुकान थाटायचे, असाच हा प्रकार आहे.

आतल्या माहितीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मारिया कोरिना माचाडो यांना शांततेचे नोबेल जाहीर होण्याच्या काही तास आधी त्यांचा भाव पॉलिमार्केटवर अचानक उसळला आणि माहिती फुटली कशी याचा शोध घेण्याची वेळ नोबेल संस्थेवर आली. आतल्यांनी व्यवहार केल्यानेच किंमत सत्याच्या जवळ जाते, असे या बाजाराचे काही समर्थक म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण उद्याच्या लष्करी कारवाईची किंमत सत्याच्या जवळ जाणे, याचा अर्थ ती कारवाई करणाऱ्या जवानांचा जीव धोक्यात जाणे असाही होतो. शेअर बाजारात अशा व्यवहाराचा बळी समोरचा गुंतवणूकदार असतो. येथे तो सैनिक असू शकतो.

भारताने या साऱ्यावर एका फटक्यात पडदा टाकला आहे. गुरुग्रामच्या 'प्रोबो'सारख्या कंपन्यांनी 'ओपिनियन ट्रेडिंग' या नावाखाली क्रिकेट, यूट्यूबवरील दर्शकसंख्या, बिटकॉइनचा भाव अशा विषयांवर करार विकले. 'होय' आणि 'नाही'च्या भावांची बेरीज १० रुपये. चहाच्या पैशात खेळता येणारा हा खेळ तरुणांत वेगाने पसरला. २९ एप्रिल २०२५ रोजी 'सेबी'ने हे रोखे नव्हेत, सबब येथे गुंतवणूकदारांना कोणतेही संरक्षण नाही असा इशारा दिला. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. कौशल्य की नशीब या जुन्या भेदाला फाटा देऊन त्याने पैशांच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रोबोने त्याच महिन्यात आपला पैशांचा व्यवहार थांबविला.

बंदी ही आपली जुनी खोड आहे, असे म्हणता येईल. मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस पडेल की नाही, किती पडेल, कापसाचा भाव काय निघेल, इतकेच काय, मोटारीच्या नोंदणी क्रमांकात कोणते आकडे असतील यावरील पैजांचाही कालांतराने समावेश झाला. सोयाबीन, हरभऱ्याच्या वायद्यांनाही डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती मिळाली आणि मग मुदतवाढीमागून मुदतवाढ. शेतकऱ्याला भावाचा अंदाज देणारे वायदे आणि पाच मिनिटांचा बिटकॉइनचा खेळ यांना एकाच काठीने हाकणे शहाणपणाचे नाही.

निवडणुकीच्या बाबतीत मात्र भारतात सावधगिरीला सबळ कारण आहे आणि अमेरिकी अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत झाली. शेवटचे मत पडेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ अ मनाई करते. क्षणाक्षणाला बदलणारा बाजारभाव ही अखंड चालणारी मतदानोत्तर चाचणीच ठरेल, आणि तीही पैसेवाल्याला वाटेल तशी ढकलता येणारी. शिवाय तो भाव खरा असेलच असे नाही. फलोदीच्या सट्टाबाजाराने भाजपला तीनशेच्या घरात नेऊन बसविले होते, पक्षाला मिळाल्या २४० जागा. अधिकृत शेअर बाजारही त्याच भ्रमात होता. ३ जून रोजी सेन्सेक्स २,५०७ अंशांनी उसळला आणि दुसऱ्या दिवशी ४,३८९ अंशांनी कोसळला. एकाच अफवेवर सर्वांनी विश्वास ठेवला, की किमतीतून नवे शहाणपण निघत नाही.

पैशाविना हा प्रयोग करता येतो. 'मॅनिफोल्ड'सारखी संकेतस्थळे आभासी गुणांवर चालतात. ह्युलेट-पॅकार्डने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांच्या लहानशा अंतर्गत बाजारातून विक्रीचे जे अंदाज काढले, ते कंपनीच्या अधिकृत अंदाजांहून बहुतेकदा सरस निघाले. मेट्रोचा एखादा टप्पा ठरल्या दिवशी सुरू होईल काय, धरण मुदतीत पुरे होईल काय, हे त्या प्रकल्पावरील अभियंत्यांना मंत्र्यांच्या आधी ठाऊक असते. त्यांनी नाव न सांगता गुण लावले, तर कोणत्याही आढावा बैठकीपेक्षा खरे चित्र पुढे येईल. त्यासाठी लागणारे सूत्र उपलब्ध आहे आणि खर्चही नगण्य आहे. ते चित्र पाहण्याची इच्छा किती मंत्र्यांना आहे, यावर मात्र अद्याप कुठल्याही बाजारात भाव निघालेला नाही.