सुट्टीची गाडी रस्त्याच्या मापाची हवी

मोपा किंवा दाबोळीला विमानातून उतरणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची भाड्याची गाडी घरूनच ठरवून झालेली असते: क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा किंवा त्याच मापाची एखादी मध्यम एसयूव्ही. स्वतः चालवायची गाडी घेण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, टॅक्सीच्या दरांचा वाद जुना आहे आणि मुलाबाळांना घेऊन तीन ठिकाणं बघायची तर बसच्या वेळा जुळत नाहीत. माझा आक्षेप गाडीच्या मापाला आहे. घरच्यापेक्षा एक पायरी मोठी गाडी घेतली की सुट्टी जास्त सुखाची होते, हे गृहीतक गोव्याच्या आणि दक्षिण कोकणाच्या रस्त्यांवर टिकत नाही. त्याचा त्रास गाडीतल्या माणसांना होतो आणि त्याहून जास्त त्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांना होतो.

आधी मापं पाहू. क्रेटा ४.३३ मीटर लांब आणि १.७९ मीटर रुंद आहे, आणि या रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नाहीत. वॅगन आर ३.६५ मीटर लांब आणि १.६२ मीटर रुंद. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे एकेरी रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर असते, आणि कमी वर्दळीच्या ग्रामीण रस्त्याला ३ मीटरही चालतात. दोन क्रेटा समोरासमोर आल्या तर नुसत्या पत्र्याची रुंदी ३.५८ मीटर भरते, म्हणजे आरसे मिटूनही मधे आणि दोन्ही कडांना मिळून वीतभरही जागा उरत नाही. दोन वॅगन आर असतील तर अर्धा मीटर उरतो. तो फार नाही, पण एक चाक साइडपट्टीवर घेऊन हळूहळू निघून जायला पुरतो. शिवाय आसगाव, शिवोली, साळगाव इथल्या वाड्यांतले किंवा आंजर्ले, वेळास, परुळे इथले बरेच रस्ते बैलगाडी आणि पायवाटेच्या काळात आखले गेले. ते रुंद करायचे तर कुणाची तरी माडाची रांग किंवा अंगण जाणार, आणि ते जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अशा रस्त्यावर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका हाताला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या हाताला उघडं गटार, आणि समोरून कदंबची बस. बस मागे जाणार नाही, कारण तिच्या मागे चार स्कूटर आणि एक टेम्पो आहे. मागे जायचं ते पाहुण्याच्या गाडीने. तिच्या मागच्या काचेतून दिसतं ते सामान आणि टेकलेली डोकी. कॅमेऱ्यात रस्ता दिसतो, पण गटाराची कड गवताखाली असते. सेन्सर गडग्यासाठीही वाजतो आणि झुडपासाठीही, त्यामुळे चालक थोड्या वेळाने त्याच्याकडे लक्ष देणंच सोडतो. शेवटी कुणीतरी स्थानिक माणूस स्कूटर स्टँडवर लावून उतरतो आणि हाताने ‘या, या, अजून या’ करत गाडी मागच्या वळणापर्यंत नेतो. त्याची दहा मिनिटं जातात, बसमधल्या सगळ्यांची जातात. हंगामात हे एकाच वाडीत दिवसातून कितीदा होत असेल याची कल्पना करा. आणि गाडी मुळात त्या गल्लीत आली कशी? मॅपने जवळचा रस्ता दाखवला म्हणून. मॅपला गाडीची रुंदी ठाऊक नसते.

यावर कुणी म्हणेल की तिथली माणसंही मोठ्या गाड्या चालवतातच की. चालवतात, आणि सफाईने चालवतात, कारण त्यांना गाडीचा अंदाज आलेला असतो. डावं मागचं चाक नेमकं कुठून जातंय, बॉनेटच्या पुढे किती पत्रा आहे, हे रोजच्या सरावाने अंगात मुरतं. भाड्याच्या गाडीत हा अंदाज यायच्या आतच गाडी परत करायची वेळ येते. त्यात उंच बॉनेटमुळे अगदी पुढची जमीन दिसत नाही. उंचावर बसल्याने दूरचं छान दिसतं, म्हणून आत्मविश्वास वाढतो, पण धोका असतो तो जवळच्या दोन हातांत: कडेने जाणारी सायकल, गटाराची कड, दारात खेळणारं पोर. अनोळखी रस्ता आणि अनोळखी गाडी ही जोडी अवघडच, त्यात निदान गाडी तरी लहान असावी.

सामानाचा मुद्दा खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची, वॅगन आरची ३४१. फरक साधारण एका मोठ्या बॅगेचा. खड्ड्यांच्या भीतीने उंच गाडी घेणाऱ्यांनीही आकडे पाहावेत: क्रेटाचा ग्राउंड क्लिअरन्स १९० मिलिमीटर, वॅगन आरचा १६५. मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असतो. आपल्याकडे मनाला येईल तसे गतिरोधक घालतात हे मान्य, तरी अडीच सेंटिमीटरचा फरक हळू चालवण्याने भरून निघतो. सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मी बाजूला सारणार नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला एकच तारा मिळाला, आणि महामार्गावर कुटुंब घेऊन जाणाऱ्याने ते विसरू नये. पण लहान म्हणजे कच्ची असं समीकरण नाही. टाटा पंचला २०२१ मध्ये त्याच संस्थेने मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे दिले. पंच ३.८३ मीटर लांब आहे, तिचा ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर आहे. रुंदीत ती क्रेटापेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटरने कमी आहे, पण लांबीत अर्धा मीटर कमी. गल्लीत मागे घेताना, फेरीबोटीवर चढवताना किंवा पणजीच्या फोंतेन्हासमध्ये जागा शोधताना तो अर्धा मीटर फार मोलाचा ठरतो.

काही प्रवासांना मध्यम एसयूव्हीच योग्य आहे. पाच मोठी माणसं, चोर्ला किंवा आंबोलीचा घाट, बहुतेक अंतर महामार्गावर आणि मुक्काम मोठ्या हॉटेलात असेल तर जरूर घ्यावी. भरलेल्या गाडीत लहान इंजिनाला घाटात दम लागतो हे खरंच आहे. मात्र तिच्या रांगड्या रूपाला भुलून तिला कुठेही नेऊ नये. भाड्याने मिळणाऱ्या यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढची दोन चाकं इंजिनावर चालतात. रेतीत त्या हॅचबॅकसारख्याच रुततात, आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदाही आहे. पावसाळ्यात पाणी आलेल्या मोरीवरही उंचीच्या भरवशावर गाडी घालू नये.

निवड ग्राहकाने करायची असली तरी भाड्याने देणाऱ्यांची जबाबदारी त्याने संपत नाही. आज गाडी हातात देताना ओरखड्यांचा व्हिडिओ होतो, इंधनाचा काटा पाहिला जातो, डिपॉझिट घेतलं जातं. ते त्यांच्या फायद्याचं आहे, म्हणून चोख होतं. बुकिंगच्या पानावर इंधन, गिअर आणि आसनसंख्या यांच्या शेजारी लांबी-रुंदी छापणं काहीच कठीण नाही. ‘मुक्काम कुठे आहे?’ हा एक प्रश्न विचारून आसगावच्या आतल्या वाडीत राहणाऱ्याला लहान गाडी सुचवणंही कठीण नाही. गाडी देण्याआधी पार्किंगमध्येच चालकाला एकदा मागे घ्यायला लावावं, एकदा पूर्ण वळवायला लावावं. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली परवाना देणाऱ्या परिवहन खात्याला या गोष्टी अटींत घालता येतील, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे नसलेल्या, चोरून भाड्याने फिरणाऱ्या खासगी गाड्यांवरची कारवाई त्याच्याच जोडीने व्हायला हवी. नाहीतर अटी पाळणाऱ्याचा धंदा बसेल आणि त्याच गाड्या शेजारच्या अंगणातून बिनप्रश्न मिळत राहतील.