ज्योतीचे संस्कार, अरुणची प्रवृत्ती

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’वरील उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी निरनिराळ्या हस्ताक्षरांत भेटते : अरुण आठवले हा मुळातच हिंसक प्रवृत्तीचा आहे. त्याच उत्तरात चार ओळी खाली ज्योतीविषयी लिहिलेले असते की ती वडिलांच्या संस्कारांची बळी ठरते. विद्यार्थ्यांवर रागावण्यात अर्थ नाही. मार्गदर्शिकांत हेच आहे आणि वर्गात आपणही बहुधा हेच सांगतो. देवळालीकरांच्या मुलीला संस्कार असतात, आठवल्यांच्या मुलाला प्रवृत्ती असते. ती वाढवली गेली, तो नुसता जन्मला. ही वाटणी कोणी केली, असे आपण कधी विचारत नाही. माझे भांडण या न विचारण्याशी आहे.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा उघड बोलते. ‘स्वभावतः’ या अर्थी मराठी माणूस सहज ‘जात्याच’ म्हणून जातो. अमका जात्याच हुशार, तमका जात्याच आडदांड. जन्म, जात आणि स्वभाव यांची गाठ त्या एका क्रियाविशेषणात इतकी घट्ट बसली आहे की बोलणाऱ्याला ती जाणवतही नाही. पुढे ‘खाण तशी माती’ आणि ‘जित्याची खोड’ या म्हणी हाताशी असतातच. टीकालेखनात त्यांच्या जागी ‘आदिम प्रेरणा’, ‘माणसातील पशू’ असे भारदस्त शब्द येतात एवढाच फरक.

आता त्याच नाटककाराचे दुसरे नाटक समोर ठेवू. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. कनोजहून आलेला घाशीराम बावनखणीत गुलाबीच्या पदरी नाचतो, नानाच्या पायाखाली स्वतःची पाठ देतो, मिळालेला हार गमावतो. दक्षिणेच्या आशेने जातो, तर त्याच्यावर चोरीचा आळ येतो. तो मार खातो आणि कोठडीत पडतो. हे सारे आपल्या डोळ्यांसमोर घडते. मग तो सूड घ्यायची शपथ घेतो, ललितागौरीला नानाच्या हाती देऊन कोतवाली मिळवतो आणि पुण्यावर राक्षसासारखा तुटून पडतो. नानाचा हिशेबही नाटक लपवत नाही : माणूस परका आहे, करणी कोणाचीही असो, खापर याच्या माथी फुटेल. घाशीरामच्या क्रौर्याचा उगम त्याच्या रक्तात शोधणारा एकही प्रबंध माझ्या वाचनात नाही. कनोजी ब्राह्मणांची प्रवृत्तीच तशी, असे कोणी लिहिले तर त्याला हसतील. सत्ता आपली अवजारे कशी घडवते आणि काम झाल्यावर कशी मोडून टाकते, हे नाटकात दिसते आणि आपण तेच शिकवतो. बदनामीची ओरड झाली तेव्हा नाटकाच्या बाजूने उत्तरही हेच होते की हे ऐतिहासिक नाटक नव्हे; नाना आणि पेशवाई निमित्तमात्र आहेत.

‘कन्यादान’ १९८३ चे. येथे रंगमंच म्हणजे समाजवादी आमदार नाथ देवळालीकरांचा दिवाणखाना. अरुण त्यात पाहुणा म्हणून येतो, अवघडतो, बाप-आज्यांनी मागून आणलेल्या शिळ्या अन्नाविषयी तिखट बोलतो आणि ज्योतीचा हात पिरगाळतो. त्याच्या वाट्याला आलेली मानहानी आपण त्याच्या तोंडून फक्त ऐकतो. त्याच्या हातून घडलेली हिंसा मात्र ज्योतीच्या चेहऱ्यावर आणि अंगावर पाहतो. घाशीरामला मिळालेले कोठडीचे दृश्य अरुणला मिळत नाही. प्रेक्षक काय विसरेल आणि काय घरी घेऊन जाईल, हे अशा निवडीनेच ठरते. पुढे सेवा त्याला जाब विचारते तेव्हा तो म्हणतो की आम्ही असेच, आमच्यात बाप दारू पितो आणि बायकोला मारतो. हा पकडल्या गेलेल्या माणसाचा बचाव आहे; त्यात कांगावा आहे, आत्मद्वेष आहे आणि समोरच्या सुसंस्कृत कुटुंबाला टोचण्याचा आनंदही आहे. आपण मात्र आरोपीचा हा जबाब न्यायालयाचा निकाल म्हणून वाचतो.

यावर ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे. नाटकाचे खरे लक्ष्य अरुण नसून नाथ आहे. माणसांवर प्रयोग करू पाहणाऱ्या भाबड्या आदर्शवादाची ती चिकित्सा आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे. जावयाच्या आत्मचरित्रावरील समारंभात मन मारून गौरवपर भाषण करणारा नाथ आणि त्या भाषणाबद्दल बापाला सोलून काढणारी मुलगी हा प्रसंग मराठी रंगभूमीवरील मोठ्या प्रसंगांपैकी एक आहे. पण नाथला खोटे ठरवण्यासाठी अरुण न सुधारणारा असावा लागतो. सवर्ण आदर्शवादाच्या परीक्षेत दलित तरुण ही प्रश्नपत्रिका होते. ज्या नाटकासाठी कधीकाळी अंगावर चप्पल फेकली गेली, त्यालाच १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. चप्पल आणि सन्मान, दोन्हींच्या गडबडीत ही गोष्ट चर्चेबाहेर राहिली.

संस्कार कोठे संपतात आणि स्वभाव कोठे सुरू होतो, हे नाटकात कोणाच्या तोंडून ठरते ते पाहावे. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये कॅलिबनवर कोणताही संस्कार टिकणार नाही, असा दाखला प्रॉस्पेरो देतो. बेट कॅलिबनचे होते, प्रॉस्पेरोने ते घेतले आणि त्याला लाकडे वाहायला लावले, हे त्या दाखल्यात अर्थातच नमूद नाही. कॅलिबनला ते आठवत असते आणि तो ते बोलतोही.

मग दलित घरातील पुरुषाची हिंसा रंगभूमीवर दाखवूच नये काय? जरूर दाखवावी. ती लपवण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही; बायकोच्या पाठीवरचे वळ अस्मितेने झाकले जात नाहीत. पण ती दाखवण्याची दुसरी रीत तेव्हाही उपलब्ध होती, आणि तीही पुण्यातच छापली जात होती. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. महारवाड्यातील सुनांचे हाल बेबीताईंनी जराही सौम्य न करता सांगितले आहेत. कारण सांगताना मात्र त्या रक्ताकडे बोट दाखवत नाहीत. गावाने ज्यांना गुलाम केले त्यांनाही कोणावर तरी हुकमत हवी होती, बाहेर ती मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी घरातल्या सुनेला आपली गुलाम केले, असे त्यांचे म्हणणे आहे. घाशीरामला लावायची ती कसोटी हीच. फलटणच्या एका दुकानदार बाईने ती आपल्याच माणसांना लावून दाखवली, आणि त्यात मारणाऱ्याला माफीही दिली नाही. कारण सांगणे आणि क्षमा करणे यांत आपले समीक्षक जो गोंधळ करतात, तो त्यांनी केला नाही.

आपल्या अभ्यासक्रमात ‘जिणं आमुचं’ आत्मकथनाच्या पेपरात असते आणि ‘कन्यादान’ नाटकाच्या. दोन्हींची गाठ पडू नये अशी ही सोय कोणी मुद्दाम केलेली नाही, पण परिणाम तोच होतो.

आणि नाटकाचा शेवट? माणूस आणि त्याची प्रवृत्ती वेगळी काढता येत नाही, असे ज्योती वडिलांना सुनावते. आपण हे वाक्य तेंडुलकरांचा सिद्धांत म्हणून फळ्यावर लिहितो आणि तेथेच थांबतो. त्याच प्रसंगात ती देवळालीकर हे नाव टाकून देते, स्वतःला आठवले म्हणवते, अस्पृश्य म्हणवते, माझी सावलीही टाळा म्हणते. ध्येयवादावर वाढलेली एक मुलगी लग्नानंतरच्या थोड्या काळात, मार खात, त्या घराचे नाव आणि जात अंगावर घेते. ती जन्माने तशी नव्हती. तिला तसे केले गेले, आणि काही तिने स्वतः केले. प्रवृत्तीचा सिद्धांत सांगणारी व्यक्तीच त्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा होऊन उभी आहे. ती त्या घरातून निघते तेव्हा तिच्या पोटात मूल आहे. त्या मुलाची खाण कोणती धरायची, ते ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे.