सज्जाचे मूळ

दिवाळी आली की घराघरांतून भिंतींना रंग लागतो, पितळेची भांडी झळकतात, माळ्यावरचा पसारा खाली येतो. मात्र ज्या गॅलरीत आपण आकाशकंदील टांगतो तिच्याकडे खालून मान वर करून पाहावे, असे सहसा कुणाला सुचत नाही. गिरगावातल्या जुन्या चाळी किंवा पुण्यातले उरलेसुरले वाडे यांचे लाकडी सज्जे अजून माणसांचा भार वाहत आहेत. म्हणून सणाच्या दिवशी हा विषय.

पुष्कळ ठिकाणी खोलीखालच्या तुळयाच भिंतीतून बाहेर काढून त्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात. तुळईचे एक टोक भिंतीत, दुसरे अधांतरी. अशा तुळईच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचा जेवढा ताण भिंतीपाशी पडतो, त्याच्या दुप्पट तोच माणूस कठड्याशी गेल्यावर पडतो. आणि आतषबाजी पाहायला आपण सारे कठड्याशीच गर्दी करतो!

तरीही सज्जाचा खरा वैरी वजन नव्हे, पाणी. सागाच्या गाभ्यात तेल असते, म्हणून तो शंभर वर्षे टिकतो; बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला ते भाग्य नाही. लाकडातली ओल शेकडा वीसच्या वर रेंगाळली की बुरशी धरते. ही ओल लपते ती तुळई भिंतीत शिरते तिथे. वरून रंग चकचकीत, आत भुसा.

हे केवळ जुन्या घरांचे दुखणे नाही. अमेरिकेत बर्कले येथे 16 जून 2015 रोजी वाढदिवसाच्या मेजवानीत पाचव्या मजल्यावरचा सज्जा कोसळून सहा तरुण मुले गेली. इमारत अवघी आठेक वर्षांची होती. आत अडकलेल्या पाण्याने तुळया कुजल्या होत्या. पुढे 2018 साली कॅलिफोर्नियाने भाड्याच्या मोठ्या इमारतींतील असे सज्जे दर सहा वर्षांनी तपासण्याचा कायदा केला.

मुंबईत पावसाळ्यापूर्वी म्हाडा धोकादायक जुन्या इमारतींची यादी काढते. पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये. भाडे थोडे म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही, आणि घर मालकाचे म्हणून भाडेकरू करीत नाही. या वादात तुळई मात्र कुजत राहते. निदान तपासणी तरी आपण करावी. पावसाळा सरला की सुताराला बोलावून तुळईच्या मुळाशी दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले तर रंगारी नको. आधी खालून टेकू द्यावा, गॅलरीत जाणे बंद करावे आणि जाणकार इंजिनिअरला दाखवावे.

नवा सज्जा करताना फळ्यांत थोडी फट ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही. लाकडावर लाद्या बसवू नयेत; भार वाढतो आणि ओल कोंडते. कठड्याचे खांब नुसत्या फळीला न ठोकता तुळईला जस्त चढवलेल्या बोल्टांनी जखडावेत. गजांतून लहान मुलाचे डोके जाता कामा नये. दोनशे लिटरचे पाण्याचे पिंप तर गॅलरीत नकोच. तीन धट्टीकट्टी माणसे रात्रंदिवस उभी केल्यासारखेच ते.

शब्दांची मुळे शोधण्यात आम्हा मराठीच्या मास्तरांचा जन्म जातो. वाचकहो, यंदा तुम्ही आपल्या सज्जाचे मूळ शोधा. आणि ते घट्ट निघाले, तर खुशाल तिथे उभे राहून कंदील लावा.