माळ्यावरून पाहिलेलें पांखरूं

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं आमच्या घरीं जो प्रसंग घडला, तसा तो बहुतेक एकत्र कुटुंबांत थोड्याफार फरकानें घडत असलाच पाहिजे. आमच्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षें तेरा, उजाडण्यापूर्वींच बापाचा कॅमेरा गळ्यांत अडकवून परभणीबाहेरच्या शेतांकडे निघून गेला आणि दहाच्या सुमारास पाटाच्या चिखलानें पाय माखून परतला. नऊ वाजतांची गणिताची शिकवणी बुडाली होती. आई रडकुंडीस आलेली, बाप संतापलेला; अखेर घरांतील वडील माणूस म्हणून निवाडा आमच्याकडे आला. त्या सगळ्या गलबल्यांत मुलानें कॅमेऱ्याची मागची चौकट आमच्यापुढें धरली आणि विचारलें, "आजोबा, हें कोणतें पांखरूं?" चष्मा कपाळावर होता तो खालीं न ओढतांच आम्ही म्हणालों, "असेल एकादी मैना. जा, आधीं पाय धू." कॅमेरा वार्षिक परीक्षेपर्यंत कपाटांत आणि किल्ली आमच्या जानव्याला, असा निकाल आम्हीं दिला. तो निमूटपणें पाय धुवावयास गेला.

निकाल सर्वांनाच पटला. आमची झोंप मात्र त्या रात्रीं उडाली. याच शब्दांनीं हाच प्रश्न एकदां आम्हींही विचारला होता, हें अंथरुणावर पडल्यावर आठवलें.

१९६० सालचा हिंवाळा. महाराष्ट्र राज्य होऊन सातआठ महिने झाले होते. आमचें गांव दुधनेच्या कांठचें, भोंवतीं काळी जमीन आणि तींत पुरुषभर वाढलेली रब्बीची ज्वारी. कणसांत दूध भरूं लागलें कीं पांखरें राखण्याचें काम सुरू होई. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला माळा, हातांत गोफण, आणि घसा बसेपर्यंत आरोळ्या. परभणीकडील मुलाची पांखरांशीं पहिली ओळख अशी शत्रु म्हणूनच होत असे. काव्य वगैरे पुढें शाळेंत कळे. सालगड्याचा मुलगा आमच्याहून दोन वर्षांनीं मोठा. माळ्यावरचें राज्य त्याचें, आम्ही केवळ हौसेचे पाहुणे. कोणता थवा नुसता वरून जाणार आणि कोणता उतरणार, हें तो सावली पाहून सांगे. तितर कोठें घालतो, सुगरणीचें अर्धें घरटें रिकामें कां लोंबतें, टिटवी पाय लंगडत कां चालते, या सर्वांचीं उत्तरें त्याच्यापाशीं होतीं, आणि तीं खरीं होतीं असें पुढें पुस्तकांवरून ताडून पाहतां आम्हांस आढळलें.

पौषांतल्या एका संध्याकाळीं भोरड्यांचा थवा आला. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांना काय सांगावें! शेंकडों पांखरें एकाच मनाचीं असल्यासारखीं वळत होतीं. एका वळणाला सारें आकाश काळें, पुढच्या वळणाला त्यावर गुलाल सांडल्यासारखें. आम्हीं डोळे मिटून गोफण फिरविली. नेम असा नव्हताच. परंतु एक पांखरूं ज्वारींत पडलें. उचललें तेव्हां ऊन लागलें. डोकें काळें, पंख काळे, पाठपोट फिकट गुलाबी, मानेवर मागें वळलेला तुरा. वर्षानुवर्षें ज्याला आरोळ्या मारल्या, त्याचा रंग आम्हीं तोंवर पाहिलाच नव्हता!

तें मेलेलें पांखरूं धोतराच्या सोग्यांत घेऊन आम्ही घरीं आलों. ब्राह्मणाच्या वाड्यांत त्यावर काय प्रळय झाला असेल, त्याची कल्पना आमच्या वाचकांना सहज करतां येईल. काकूंनीं ओसरीवरूनच हांक मारून विहिरीवर पिटाळलें; आजी देवघराचें दार लोटून बसली. आमचे थोरले चुलते, ज्यांना घरांत सर्व अण्णा म्हणत, ते तालुक्याच्या शाळेंत शिक्षक होते. निजामी अमदानींत उर्दूंतून शिकलेले, स्वभावानें तापट. आम्हीं ओलेत्यानेंच थरथरत विचारलें, "अण्णा, हें कोणतें पांखरूं?"

अण्णांनीं कंदील मागविला. पांखरूं उलटसुलट करून पाहिलें, पंख पंख्यासारखा उघडून पाहिला. म्हणाले, "उर्दूंत याला तिलियर म्हणतात. तुमचा तो माळ्यावरचा गडी काय म्हणतो?" आम्हीं सांगितलें, भोरडी. अण्णांनीं खुंटीवरचें पंचांग काढलें, मागच्या कोऱ्या पानावर दोन्ही नांवें, तिथि, वेळ आणि रंग टिपला, आणि मगच एक थोबाडींत दिली. ती जीव घेतल्याबद्दल होती, विचारल्याबद्दल नव्हती. नऊ वर्षांच्या मुलालाही तो भेद कळला.

पुढें कित्येक वर्षांनीं सलीम अली यांचें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी आत्मचरित्र हातीं आलें, तेव्हां त्यांतील चिमणीची हकीकत वाचतांना आम्हांस तो कंदील पुन्हा दिसला. थोरामोठ्यांच्या पंक्तीला बसण्याचा आमचा हेतु नाहीं. साम्य आहे तें मुलांत नसून वडील माणसांत आहे, म्हणून सांगतों. सलीम यांचा जन्म १८९६ चा. आईबाप तान्हेपणींच गेलेले. मुंबईच्या खेतवाडींत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या भरल्या घरांत अनेक पोरांबरोबर ते वाढले. हातीं छऱ्यांची बंदूक होती. तबेल्यांतील घरट्यापाशीं पहारा करणारा चिमणा त्यांनीं मारला, तों मादीनें दुसरा नर आणून बसविला. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि ही गोष्ट त्या दहा वर्षांच्या पोरानें टिपून ठेवली. क्रूर खरी, परंतु टिपण म्हणून ती चोख आहे. पुढें एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिंवळा डाग होता. ही खावी कीं न खावी, आणि ही आहे तरी कोण, म्हणून तो मामांकडे गेला. मामा स्वतः शिकारी; तरी त्यांनाही तें सांगतां येईना. त्यांनीं पोराची चेष्टा केली नाहीं. मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे चिटणीस मिलार्ड यांच्या नांवें एक चिठ्ठी लिहून दिली. भीतभीत गेलेल्या त्या मुलापुढें मिलार्डसाहेबांनीं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडले, रानचिमणी दाखविली, पुस्तकें वाचावयास दिलीं. ही १९०८ च्या सुमाराची गोष्ट. १९४१ सालीं निघालेलें भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक आजही घरोघर आहे, आणि १९३१ सालीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनींच हातीं घेतली. परभणी जिल्हा तेव्हां त्याच राज्यांत होता.

हें सर्व एका चिठ्ठीवर उभें राहिलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण चिठ्ठी नसती तर? तो विचार करतांना आम्हांस माळ्यावरचा आमचा सोबती आठवतो. पाहण्याची शक्ति त्याची आमच्या दसपट. त्याचीं उत्तरें आम्हीं टिपलीं, आमच्या नांवानें छापलीं, त्यावर चार लोकांनीं आमची वाहवा केली. त्याला मात्र कोणीं चिठ्ठी लिहून दिली नाहीं. आमच्या अण्णांनींही नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्याची शाळा सुटली, आणि पांखरें राखणें हा त्याचा छंद नसून मजुरी होती, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

मारुती चितमपल्ली यांची गोष्ट या दृष्टीनें आम्हांस अधिक जवळची वाटते. सोलापूरच्या साध्या घरांत १९३२ सालीं जन्मलेल्या या मुलाला रानाची पहिली ओळख आई आणि मामा यांच्याकडून झाली. तीं माणसें पुस्तकी नव्हतीं, पण पोरानें विचारलें तर सांगत. पुढें वनखात्यांत जन्म काढतांना चितमपल्ली आदिवासींना तेच प्रश्न विचारीत राहिले आणि जमलेलीं नांवें मराठींत आणीत राहिले. कावळ्यांच्या वसतीला काकागार, बगळ्यांच्या वसतीला सारंगागार हे शब्द त्यांनीं घडविले, पक्षिकोश रचला. २००६ सालीं सोलापुरास भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें, २०२५ सालीं पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत ते निवर्तले.

आतां कॅमेऱ्याविषयीं. आमच्या पिढीला पांखरूं जवळून पाहावयाचें तर तें मारावें लागे. आजच्या मुलाला लागत नाहीं, हा भेद आम्हीं त्या रविवारीं लक्षांत घेतला नाहीं याची आम्हांस लाज वाटते. मद्रासचे एम. कृष्णन हे लेखणी आणि कॅमेरा दोन्ही चालविणारे गृहस्थ. जन्म १९१२ चा; बालपण मैलापुरांत गेलें, आणि तें त्या काळीं शहर कमी व झुडपी रान अधिक होतें. निरनिराळे भाग जुळवून स्वतः बांधलेल्या कॅमेऱ्यानें ते काळींपांढरीं चित्रें घेत; आणि कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रांत त्यांचें निसर्गविषयक सदर १९५० पासून १९९६ सालीं मृत्यु येईपर्यंत चाललें. दर महिन्याला चार पानें भरतांना धांपा टाकणाऱ्या आमच्यासारख्यानें त्यांना हात जोडावे! १९४२ पासून कांहीं वर्षें ते बळ्ळारीजवळच्या सोंडूर संस्थानांत चाकरीस होते. संस्थानिक घोरपडे, म्हणजे आपलेच मराठे. त्या घराण्यांतील मुरारराव घोरपडे तेव्हां शाळकरी वयाचे. पुढें तेही मोठे वन्यप्राणि-छायाचित्रकार झाले. कर्नाटकाचें अर्थमंत्रिपद सांभाळलेल्या या गृहस्थांनीं 'सनलाइट अँड शॅडोज' हा चित्रांचा आणि लेखनाचा ग्रंथ १९८३ सालीं काढला.

यावर आमची सूनबाई म्हणते, "संस्थानिकांच्या मुलांचें ठीक आहे हो नाना. आपल्या मुलानें पोट कशावर भरावें?" तिचें म्हणणें चुकीचें नाहीं. सलीम अलींनाही हा प्रश्न सुटला नव्हता. मुंबईच्या संग्रहालयांतील नोकरी लागली १९२६ सालीं. जर्मनींत शिकून १९३० सालीं परत आले तों ती जागाच उरली नव्हती. तेव्हां अलिबागेजवळ किहीमला सासरच्या घरीं ते राहिले, आणि दारापुढच्या सुगरणींचीं घरटीं बघत बसले. नर अर्धें घर बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलें तरच तें पुरें होतें, आणि मग तो दुसरीसाठीं दुसरें बांधूं लागतो, हें त्यांनीं तेथें टिपलें व त्या निबंधानें त्यांचें नांव झालें. बेकारीचे ते दिवस घरच्या माणसांनीं पोटांत घातले म्हणूनच हें झालें. आमच्या मुलाचें तसें होईल असा आमचा दावा नाहीं. गणिताची शिकवणी चालू आहेच. फक्त ती आतां रविवारीं संध्याकाळीं असते.

शिवाय माळा आतां राहिला नाहीं. ज्वारीची जागा पुष्कळ रानांत सोयाबीननें घेतली, आणि सोयाबीन राखावयाला पोर लागत नाहीं. पूर्वीं पांखरूं आपण होऊन मुलाच्या डोक्यावर येत असे. आज मुलालाच पहांटे उठून जावें लागतें. आणि ज्याला आम्ही चोर म्हणून दगड मारले, ती भोरडी मध्य आशियांतून येथवर येते. तिकडे ती टोळांचे थवे फस्त करते, म्हणून चीनच्या सिंक्यांग प्रांतांत तिनें घरटें करावें यासाठीं लोक मुद्दाम दगडांच्या राशी रचून ठेवतात. पौषांत आमची ज्वारी खाणारी ती फाल्गुनांत पळसाच्या फुलांत चोंच घालून फिरते. पळसमैना हें तिचें तिसरें नांव त्यावरूनच पडलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं मुलाला बोलाविलें, चष्मा नीट लावला आणि म्हणालों, "तें कालचें चित्र दाखव पाहूं." तो खालीं पाहून म्हणाला, "तें मीं पुसून टाकलें, आजोबा. कपाटांत ठेवायच्या आधींच. तुम्ही म्हणालांत ना, मैना आहे म्हणून."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. माळ्यावरची जुनी पेटी त्याच्याकडून काढविली. शके १८८२ चें पंचांग तळाशीं होतें, मागचें पान वाळवीनें एका कडेला खाल्लेलें. शाई तपकिरी झाली होती, तरी अक्षर लागत होतें. भोरडी, तिलियर, पौष, दिवेलागण, अंग गुलाबी, डोकें काळें, तुरा. मुलानें तें दोनदां वाचलें. गुलाबी या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "हेंच होतें!" आणि मग जरा थांबून, "पण इतक्या जवळून कसें दिसलें? कोणीं मारलें होतें?"

"आम्हीं," आम्ही म्हणालों, आणि जानव्याची किल्ली सोडून त्याच्या हातीं दिली. त्यानें कपाट उघडलें, कॅमेरा आणला, आणि खिडकीच्या उजेडांत धरून पहिलें चित्र त्या पानाचें घेतलें.